गोदावरी : आराखडा ब्रिटिश, क्षेपणास्त्र रशियन



मी रेल्वेतला डिप्लोमावाला. युद्धनौकेवर बोलणे धाडसाचेच! पण मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या 'आयएनएस गोदावरी'ची अडचण मला ओळखीची वाटते.

तिच्या आधीच्या 'नीलगिरी'चा आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाचा. त्यावर आपल्या नौदलाला रशियन पी-२० क्षेपणास्त्रे बसवायची होती, एकेक सुमारे अडीच टनाचे. आपल्याच अभियंत्यांनी जहाज सुमारे १३ मीटरने लांबवले. जागा झाली, पण विजेचे काय? ब्रिटिश वळणाच्या जहाजावर ४४० व्होल्ट, ६० सायकल. रशियन यंत्रे ३८० व्होल्ट, ५० सायकलची. पूर्वी इगतपुरीला डीसीचे इंजिन काढून एसीचे लावत, तेव्हा गाडी निदान उभी तरी असे! इथे दोन्ही एकाच वेळी चालायला हवे. शिवाय रशियन आणि युरोपीय यंत्रांची माहिती एका इटालियन संगणकात आणायची. फोटोत क्षेपणास्त्र दिसते. केबल ओढणारा कधी दिसला आहे?

१० डिसेंबर १९८३ रोजी गोदावरी नौदलात दाखल झाली. मागून गंगा आणि गोमती आल्या. गोदावरी निवृत्त झाली ती २३ डिसेंबर २०१५ रोजी, ३२ वर्षांनी.