डोळे उघडे, तरी दिसतं कुठे?
(गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेलं भाषण)

 

आम्ही डिप्लोमावाली माणसं, आमची नोकरी ड्रॉइंगच्या रेघांत गेली. तेव्हा बोलणार तेही रेघांबद्दलच.

दुधनीच्या परिसरात राहणाऱ्यांना वारली चित्रं नवीन नाहीत. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, हातापायांच्या चार काड्या. नाक नाही, डोळे नाहीत. तरी हा तारपा वाजवतोय, ते नाचताहेत, हे पोरसुद्धा सांगतं. कसं?

डोळ्यातून निघालेली खबर मधल्या एका ठाण्यावरून डोक्याच्या पार मागे, मेंदूच्या बाहेरच्या थरात पोचते. डावीकडचं दृश्य उजव्या अर्ध्यात, उजवीकडचं डाव्यात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हुबेल आणि विझेल मांजराच्या मेंदूतल्या या भागातल्या पेशी तपासत होते. ठिपके दाखवले, पेशी ढिम्म. काचेची स्लाइड बदलताना तिच्या कडेची सावली सरकली आणि पेशी एकदम बोलू लागली! कुणाला उभी रेघ लागते, कुणाला आडवी, कुणाला तिरकी. आमच्या खात्यापेक्षा तिथली कामाची वाटणी चोख म्हणायची. पुढे ‘हे काय आहे’ याची फाइल कानशिलाकडे जाते, ‘कुठे आहे’ याची टाळूकडे. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं.

आता मुद्द्याचं. त्यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा काही काळ शिवून ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्यानं बळकावली होती. मोठ्या मांजरात असं होत नाही. म्हणजे ही वाटणी बालपणीच ठरते.

आपल्या मुलांचंही तसंच. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल, तिरळेपणा किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करत नाही. दुसऱ्या डोळ्यावर त्याचं भागतं. साधारण सात वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, या उपायांचा गुण सर्वांत चांगला येतो. पण मोठं झालेल्या मुलाचीही आशा सोडू नये. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या भारतीय मुलांना उशिरा शस्त्रक्रिया करूनही बरंच पाहायला शिकता आलं.

‘तिरळेपणा भाग्याचा’ म्हणणाऱ्या आजीबाई आपल्यातही आहेत. त्यांचा मान राखू, पण नातवाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ. घरी एकेक डोळा हातानं झाकून बघा. एक झाकला की मूल गप्प आणि दुसरा झाकला की हात झटकतं, रडतं, असं झालं तर दिवाळीची वाट पाहू नका, याच आठवड्यात दाखवा.