नवे इअरफोन रुळतात काय ?



लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आतांच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, कानांत बसवावयाचे इअरफोन घेण्यास निघालेल्या गृहस्थास कोणी ना कोणी जाणता मित्र बजावून ठेवतो कीं, पहिल्या दिवशींच्या आवाजावरून मत बनवूं नका. शंभर तास वाजूं द्या, मग तो खुलेल. गिरगांव-दादरच्या संगीतप्रेमी घरांत हा उपदेश चटकन् पटतो. नवा तबला हात फिरल्यावर बोलूं लागतो, तंबोऱ्याची जवारी जमावी लागते, हें आपण ऐकत आलों आहों. पण येथें प्रश्न पैशांचाही आहे. माल परत घेण्याची मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते, आणि खुलण्याची वाट पाहतां पाहतां ती उलटून जाते.

सामान्य इअरफोनच्या पोटांत असतें काय? एक लोहचुंबक, बारीक तारेचें वेटोळें, व त्यास चिकटलेला पातळ पडदा. त्या पडद्याची कड वांकून वांकून किंचित् सैल होणें अशक्य नाहीं. परंतु हेडफोनांवर यंत्रानें मापें घेतलीं गेलीं तेव्हां वाजविण्यापूर्वींच्या व नंतरच्या आवाजांतला फरक अगदीं अल्प आढळला. इअरफोन एकदां काढून पुन्हां कानांत बसविला तरी त्याहून अधिक फरक पडतो! टोकाची रबरी टोपी नीट न बसल्यास खर्ज फटींतून निसटतो व बायाचा घुमारा नाहींसा होतो. चार दिवसांत ती टोपी बसविण्याची हातोटी साधते, आणि श्रेय मात्र पडद्यास मिळतें.

दुसरें कारण आपण स्वतःच. नव्या चष्म्यांतून जमीन प्रथम तिरकी दिसते व आठवड्यानें सरळ होते. म्हणून कांहीं कांच बदललेली नसते.

ज्यांस खात्रीच करावयाची असेल त्यांनीं एकाच जातीचे दोन नग मिळवावे. एक शंभर तास वाजवावा, दुसरा पेटींत ठेवावा. मग डोळे मिटून बसावें व घरांतल्या कोणीं नाणें उडवून त्याप्रमाणें एक नग कानांत द्यावा. आवाजाची पातळी दोहोंची सारखीच हवी, कारण किंचित् मोठा आवाज नेहमींच सरस वाटतो. असें दहा वेळां करावें. पांच-सहा उत्तरें नुसत्या अंदाजानेंही बरोबर येतात. नऊ किंवा दहा बरोबर येण्याचा योग मात्र १०२४ मध्यें ११ एवढाच. आणि ओळखलेंच, तरी एका कारखान्यांतले दोन नगही तंतोतंत सारखे नसतात.

परीक्षेस तंबोऱ्याची नवी, स्वच्छ ध्वनिमुद्रिका उत्तम. तिच्यांत सूक्ष्म स्वर पुष्कळ. १९२५ पूर्वींच्या, कर्ण्यांतून घेतलेल्या तबकड्या येथें निरुपयोगी आहेत, कारण त्यांत खर्ज व अति उंच ध्वनि उतरलेलेच नाहींत. लालबागच्या मिरवणुकींतला ढोल जसा छातींत वाजतो तसा मात्र कोणताही इअरफोन वाजविणार नाहीं. ती अपेक्षा दुकानांतच सोडावी.

दादरच्या गाडींत खडखडाटावर मात करण्याकरितां आपण आवाज चढवितों. टोपी घट्ट बसली तर तो कमी ठेवतां येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकांत मोठ्या माणसास ८० डेसिबेलांवर आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे. ३ डेसिबेल वाढले कीं तास निम्मे होतात. शंभर तास वाजवावयाचेच असतील तर इअरफोन मेजाच्या खणांत ठेवून वाजूं द्यावे, आणि पावती जवळ ठेवावी.