पगार इंग्रजीचा की पारपत्राचा?

(वाशी येथे शिक्षक व पालक यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशी नागरिकाला नोकरीसाठी भारतात यावयाचे असेल तर त्याला रोजगार-व्हिसा लागतो आणि तो मिळण्यासाठी त्याचा पगार एका किमान मर्यादेच्या वर असावा लागतो. ही मर्यादा पूर्वी वर्षाला २५,००० डॉलर अशी होती. पुढे ती रुपयांत, म्हणजे १६ लाख २५ हजार, अशी ठरविण्यात आली. या नियमाला अपवाद मोजकेच आहेत: आपापल्या देशाचा स्वयंपाक करणारे आचारी, दूतावासांतील कर्मचारी, दुभाषे आणि भाषाशिक्षक. मात्र भाषाशिक्षकांना दिलेल्या सवलतीला लगेच एक शेपूट जोडलेले आहे. इंग्रजीच्या शिक्षकांना ही सवलत नाही. म्हणजे जपानी वा जर्मन शिकविणारा परदेशी मनुष्य कमी पगारावर येथे येऊ शकतो. इंग्रजी शिकविणाऱ्याला मात्र महिन्याला सुमारे १ लाख ३५ हजारांहून अधिक वेतन देणे मालकास भाग आहे.

यामागील हेतू उघड दिसतो. इंग्रजी शिकविणारी माणसे या देशात मुबलक आहेत, तेव्हा स्वस्त परदेशी शिक्षक आणून त्यांच्या पोटावर पाय आणू नये, हा तो हेतू. हेतू चांगलाच आहे. पण ज्यांच्या रक्षणासाठी हे कुंपण घातले त्या देशी शिक्षकाला कुंपणाच्या आत काय मिळते, याची चौकशी ते कुंपण घालणाऱ्याने कधी केली काय? परक्या शिक्षकाच्या पगाराला किमान मर्यादा आहे. नेरूळहून घणसोलीला रोज लोकलने ये-जा करून तीच भाषा, त्याच पुस्तकातून शिकविणाऱ्या बाईंच्या पगाराला ती मर्यादा कोठे आहे?

शासकीय आकडेच घेऊ. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षे पूर्ण पगार नाही, फक्त मानधन, असे तिचे स्वरूप. हे मानधन दीर्घकाळ प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. २०२३ च्या जानेवारीपासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. वर्षाचा हिशेब केला तर प्राथमिक शिक्षण सेवकाला १ लाख ९२ हजार मिळतात. परदेशी इंग्रजी शिक्षकाची किमान मर्यादा त्याच्या आठपटीहून अधिक आहे. आणि ही तुलना शासनाने मान्य केलेल्या आकड्याशी आहे. विनाअनुदानित शाळेच्या शिक्षिकेला तो आकडाही पुष्कळदा स्वप्नवत वाटतो.

या विनाअनुदानित शाळांची जन्मकथा थोडी सांगावयास हवी. २००१ साली राज्याने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. २००९ मध्ये चळवळीच्या रेट्याने त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. पण इंग्रजी माध्यमाच्या शाळा त्यातून बाहेर ठेवल्या गेल्या. पुढे २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि शासनाने खर्चाच्या जबाबदारीतून अंग काढून घेण्यावर विधिमंडळाचे शिक्कामोर्तब झाले. ‘कायम’ या शब्दाचे नशीब मोठे चमत्कारिक म्हणावे लागेल. शाळेच्या अनुदान-नकाराला तो अगदी सहज चिकटला. शिक्षकाच्या नेमणूकपत्राला मात्र त्याची अॅलर्जी आहे. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलअखेर मुक्तता, मे महिन्याचा पगार नाही आणि पुन्हा जूनमध्ये नवे पत्र, ही रीत शिक्षकांना परकी नाही. बँकेत पूर्ण पगार जमा करावयाचा आणि त्यातील काही भाग रोखीने परत घ्यावयाचा, ही दुसरी रीतही कोणाला नवी नाही. कागद स्वच्छ राहतो. शिक्षकाचा खिसा त्याहूनही स्वच्छ राहतो!

नवी मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी संपादित करण्यात आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातील गोळीबारात पाच जणांना प्राण द्यावे लागले. त्याच जमिनीतून पुढे शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भूखंड मिळाले. म्हणजे या शाळांचे पहिले भांडवल आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या भातखाचरांतून आले आहे. आमची संस्था खाजगी, तेव्हा आमचा पगारपटही खाजगी, हे संस्थाचालकांचे उत्तर इतरत्र कदाचित खपेल. या शहरात ते खपू देता कामा नये.

असमानतेचे दुसरे अंग समुद्रापलीकडे दिसते. या शहरातून आखातात जाणारी कुटुंबे थोडी नाहीत. दुबई, मस्कत, कुवेत येथील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत मराठी आणि मल्याळी शिक्षिका मोठ्या संख्येने इंग्रजी शिकवितात. तेथे शिक्षकांच्या वेतनाचे दोन बाजार आहेत. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत विलायतेहून नेमून आणलेल्या शिक्षकाला पगाराखेरीज घर, वर्षाचे विमानभाडे आणि मुलांची फी मिळते. भारतीय शाळेतील शिक्षिकेचा पगार त्याच्या अंशाएवढा असतो. आणि ती नवऱ्याच्या व्हिसावर आधीच तेथे राहत असेल तर ‘स्थानिक नेमणूक’ असे तिचे वर्गीकरण होते. स्थानिक म्हणजे घरभाडे नाही, तिकीट नाही. मुंबईहून गेलेली बाई पगारापुरती दुबईची स्थानिक ठरते आणि मुदत संपली की पुन्हा परकी ठरते. स्त्रीचे उत्पन्न हे नवऱ्याच्या उत्पन्नाला जोड असते, या जुन्या समजुतीवर ही सारी व्यवस्था उभी आहे; आणि हीच समजूत घणसोलीत, खारघरमध्ये कमी पगाराचे समर्थन म्हणून ऐकू येते.

पूर्वेकडे गेल्यास हा भेद थेट कायद्यात लिहिलेला आढळतो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकविण्याचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. २०१० पासून अंमलात आलेल्या व्यापार-करारामुळे भारतीय शिक्षकाला दार किलकिले झाले. पण साहाय्यक शिक्षक म्हणून, आणि तेही शिक्षकाचा परवाना हाती असेल तर. सात देशांच्या तरुणाला मात्र कोणत्याही विषयाची पदवी पुरते. येथे पगार कोणत्या गोष्टीचा मिळतो, भाषेच्या ज्ञानाचा की पारपत्राच्या रंगाचा, हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

पण म्हणून गोऱ्या शिक्षकाला शत्रू समजण्याची चूक कोणी करू नये. तोही नोकरच आहे, आणि त्याची पिळवणूकही तितकीच पद्धतशीर होते. जपानमध्ये ‘नोव्हा’ ही इंग्रजी शिकविणारी सर्वांत मोठी कंपनी २००७ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत निघाली आणि हजारो परदेशी शिक्षक थकलेल्या पगारासह रस्त्यावर आले. धडा घ्यावा आणि मोबदल्यात शिक्षकाला जेवण द्यावे, अशी मोहीम तेथील कामगार संघटनेला चालवावी लागली. त्याच देशात करारावर आठवड्याचे साडेएकोणतीस तास लिहिण्याची प्रथा बोकाळली. साडेएकोणतीसच का? तर सामाजिक विम्याची जबाबदारी सुमारे तीस तासांपासून मालकाच्या गळ्यात पडत असे म्हणून. तासिका तत्त्वावर महाविद्यालयांत वर्षानुवर्षे राबणाऱ्या महाराष्ट्रातील प्राध्यापकांना हे गणित कोणी समजावून सांगावयास नको. भाषा निराळी, चलन निराळे. अर्ध्या तासाची चोरी मात्र सारखीच.

इटलीतील हकीकत याहून बोलकी आहे. तेथील विद्यापीठांत परदेशी भाषा शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांना ‘लेत्तोरी’ म्हणतात. त्यांत इंग्रजी शिकविणारे ब्रिटिश पुष्कळ आहेत. १९८० च्या कायद्याने त्यांचा एक वेगळा, हंगामी वर्ग निर्माण झाला. स्थानिक सहकाऱ्यांना मिळणारी स्थिरता आणि वेतनवाढ त्यांना नाकारली गेली. पिलार आलुए या शिक्षिकेच्या खटल्यात १९८९ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा राष्ट्रीयत्वावरून केलेला भेदभाव असल्याचा निर्णय दिला. पुढे १९९३, २००१, २००६ असे निकालामागून निकाल लागले. शासन हरत राहिले आणि विद्यापीठे पूर्वीप्रमाणेच वागत राहिली. २०२३ साली युरोपीय आयोगाला हे प्रकरण पुन्हा न्यायालयात न्यावे लागले. पहिल्या निकालाच्या वेळी जे तरुण होते ते तोवर निवृत्त झाले होते. न्यायालयात जिंकणे आणि पगार हातात पडणे यांत केवढे अंतर असते, हे या चार दशकांनी दाखविले आहे.

भारतात शिक्षक न्यायालयात गेला तेव्हा काय झाले? गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरविले की, औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा ‘कामगार’ नाही. शाळा हा उद्योग असू शकतो, पण त्यात शिकविणारा कामगार नव्हे! शिक्षकाचे कार्य थोर असल्यामुळे ते कुशल, अकुशल वा कारकुनी श्रमांच्या व्याख्येत बसत नाही, असा तो युक्तिवाद. शिक्षकांसाठी विधिमंडळांनी वेगळी व्यवस्था करावी, ही अपेक्षाही न्यायालयाने व्यक्त केली होती. १९९६ मध्ये हरियाणातील खाजगी शाळांच्या खटल्यात किमान वेतन कायदाही शिक्षकांना लागू नाही असे ठरले. २००४ मध्ये अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांना ग्रॅच्युइटी नाकारण्यात आली. अखेर २००९ साली संसदेने ग्रॅच्युइटी कायद्यातील व्याख्या बदलली, तीही १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. खाजगी शाळांचे चालक तिच्याविरुद्ध भांडत राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. एका निवृत्ती-लाभासाठी एवढा कालावधी लागला. २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या वेतन संहितेत ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या पुष्कळ रुंद केली आहे. कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी, पर्यवेक्षकीय, व्यवस्थापकीय असे अनेक शब्द तीत आहेत. ‘शैक्षणिक’ हा शब्द तीत नाही. जुना वाद पुन्हा उकरून काढण्यास संस्थाचालकांच्या वकिलांना एवढे पुरेसे होईल.

थोरवीचा हा फास फार जुना आहे. ज्याचे काम थोर, त्याने पैशाविषयी बोलू नये. आणि ज्याने पैशाविषयी बोलू नये, त्याला कमी पैसे द्यावेत. गुरुपौर्णिमेला हार घालणारे हातच पगारपत्रकावर सही मागतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातच्या कंत्राटी साहाय्यक प्राध्यापकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच या विसंगतीवर बोट ठेवले. तीच पदवी असलेल्या, तेच काम करणाऱ्या नियमित सहकाऱ्याच्या तुलनेत या प्राध्यापकांना महिन्याला ३०,००० रुपये मिळत होते.

महाराष्ट्रात कायदा नाही असे नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ साली झाला आणि त्याखालील नियम १९८१ मध्ये आले. त्यांत वेतनश्रेणी आहेत, दोन वर्षांच्या परिवीक्षेची तरतूद आहे, शाळा न्यायाधिकरण आहे. पण न्यायाधिकरणाकडे दाद मागावयाची ती मुख्यतः बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती यांविरुद्ध. म्हणजे नोकरी गेल्यावर दार उघडते. नोकरीत असताना अर्धा पगार घेणाऱ्याने शिक्षणाधिकाऱ्याकडे अर्ज करावा किंवा उच्च न्यायालयाची पायरी चढावी. महिन्याला पंधरा हजार मिळविणारी शिक्षिका वकिलाची फी कशातून देणार?

मग उपाय कोठे आहे? एक जागा अशी आहे की जिचा उपयोग आजवर फारच थोडा झाला. फी-नियमनाचा २०११ चा कायदा पालकांचा कायदा म्हणून ओळखला जातो. त्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फीवाढीचा प्रस्ताव ठेवावा लागतो आणि फी ठरविताना शिक्षकांची पात्रता व त्यांचे वेतन हे घटक विचारात घ्यावे लागतात. फी वाढविताना चालक शिक्षकांच्या पगाराचे कारण पुढे करतात. पगार देताना फी पुरत नाही असे सांगतात. ही दोन्ही वाक्ये एकाच टेबलावर, एकाच दिवशी, हिशेबाच्या वहीसह समोरासमोर आणण्याची संधी या समितीत मिळते. तेथे पालकही असतात आणि शिक्षकही. आजवर पालक फीपुरते बोलले आणि शिक्षक गप्प बसले. एकट्या शिक्षिकेने तोंड उघडले तर जूनमध्ये तिला नवे पत्र मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून हा प्रश्न पालकाने विचारावयास हवा. येत्या वर्षाचा प्रस्ताव समितीपुढे येईल तेव्हा प्रत्येक शिक्षकाला प्रत्यक्ष किती रुपये दिले, किती महिन्यांचे दिले आणि परत किती घेतले, एवढे तीन आकडे पालकांनी मागावेत. आणि ते मिळेपर्यंत प्रस्तावावर सही करू नये.