कापसावर उभा मनोरा

मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाई मनोरा उभा आहे. खाली विद्यापीठाचं ग्रंथालय, वर घड्याळ. आमच्या लिंबागणेशच्या माणसाला तो परका वाटायचं कारण नाही. त्याच्या पायात कापूस आहे.

श्रोतेहो, मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, पण त्याला स्वतःचं छप्पर नव्हतं. इंग्रज सरकारनं कायदा दिला, शिक्का दिला, थैलीचं तोंड मात्र आवळून धरलं. परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढंच तेव्हा विद्यापीठाचं काम. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. भांडारकर होते. इमारतीचा तेव्हाही पत्ता नव्हता.

पैसा आला तो भलत्याच वाटेनं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. वऱ्हाड-खानदेशच्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. वऱ्हाड कागदोपत्री आमच्या निजामाचंच. १८५३ पासून कारभार तेवढा इंग्रजांकडे. कास्तकाराच्या हातीही चार पैसे लागले, नाही असं नाही. पण घबाड लागलं ते मुंबईच्या व्यापाऱ्यांना. कावसजी जहांगीर यांनी पदवीदान सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, आणि लगोलग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं, ही त्यांची इच्छा.

१८६५ मध्ये लढाई थांबली, कापूस कोसळला, पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदांचंही दिवाळं निघालं. देणगी मात्र टिकली. आराखडा काढणारे गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत, तरी १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला.

आईसाठी एवढं करणाऱ्या माणसाविषयी मला आदर आहे. खटकतं ते वेगळंच. देणगीच्या पाटीवर शेवटचा हात दिसतो. पहिला हात, बोंडाच्या काट्यांनी ओरखडलेला, कुठंच दिसत नाही. त्या हाताच्या घरात पदवी यायला किती वर्षं लागली? आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उघडलं, ते सरकारी खजिन्यातून. त्या खजिन्यात आमचाही शेतसारा होता. शिकवणं मात्र उर्दूतून. घरात आम्ही दखनी बोलतो, म्हणून उर्दूचा मला दुस्वास नाही. पण शेजारच्या मराठी पोरानं काय करायचं होतं?

औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आलं ते १९५८ मध्ये, मुंबईनंतर एकशे एक वर्षांनी. पहिले कुलगुरू डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाचे जुने कुलसचिव. माझ्या बी.ए.च्या कागदावर याच विद्यापीठाचा शिक्का आहे. इथं कुणा शेठजीची वाट पाहावी लागली नाही. जनतेच्या करातून विद्यापीठ उभं राहिलं. म्हणून ‘सरकारनं उच्च शिक्षणातून हात काढावा, देणगीदार आहेतच’ असं कुणी म्हटलं, की मला १८६५ साल आठवतं. शेठजी उदार असतात, पण बाजार कोसळला की उदारपणाही अडचणीत येतो.

आमच्या गावच्या मुली सुट्टीत वेचणीला जातात आणि त्या मजुरीतून परीक्षेची फी भरतात. त्यांच्यापैकी कुणी मुंबईला गेलीच, तर त्या ग्रंथालयाचा वाचनकक्ष तिनं जरूर पाहावा. रंगीत काचांतून उजेड फार सुरेख येतो.