गाळणी आणि हृदयाची रेघ

स्वच्छ दिसतें तें सारेंच खरें असतें काय? हृदयाचा विद्युत्-आलेख, म्हणजेच ईसीजी, काढतांना त्वचेवर मिळणारा संकेत जेमतेम व्होल्टच्या सहस्रांशाएवढा असतो. त्यांत घरच्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुण, स्नायूंची थरथर आणि श्वासाबरोबरचें डोलणें मिसळतें. यंत्र हा संकेत दर सेकंदास शेंकडों वेळां मोजून आंकड्यांत उतरवितें. मग गणिती गाळणी, म्हणजे फिल्टर, नको तो भाग वेगळा करते.

परंतु सूप फार जोरानें पाखडलें, तर कोंड्याबरोबर दाणेही उडतात. वरची मर्यादा १५० हर्ट्झवरून ४० वर आणली, कीं रेघ सुबक होते. पण क्यूआरएस हें टोकदार शिखर बोथट होतें. डोलणें थांबविण्यासाठीं खालची मर्यादा ०.०५ वरून ०.५ हर्ट्झवर नेली, तर साध्या गाळणींत एसटी हा भाग जागचा ढळूं शकतो; आणि हृदयविकाराचा झटका ओळखतांना डॉक्टर त्याच भागाकडे पाहतात. निरोगी माणूस रोगी ठरण्याचा धोका येथेंच आहे.

म्हणूनच आलेखाच्या कांठावर या मर्यादा छापलेल्या असतात. रेघ वाचण्यापूर्वीं ते बारीक आंकडे वाचणें, हेंच शहाणपण होय.