एकाच ग्रंथातले दोन आरंभ

बायबलातली सृष्टीची कथा म्हटली की सहा दिवस, सातव्या दिवसाची विश्रांती, आदामाची फासळी आणि एदेन बाग हे सगळं एका दमात आठवतं. पण 'उत्पत्ती' या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय लागोपाठ वाचले, तर ध्यानात येतं की या कथा दोन आहेत.

पहिल्या अध्यायात आधी प्रकाश, मग आकाश, जमीन आणि झाडंझुडपं. सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी. त्यानंतर मासे, पक्षी, जनावरं आणि सहाव्या दिवशी, सर्वांत शेवटी माणूस, तोही स्त्री आणि पुरुष असा एकदमच. दुसऱ्या अध्यायात क्रम फिरतो. पाऊस नाही, शेतात झुडूप उगवलेलं नाही, अशा वेळी देव मातीतून एक पुरुष घडवतो. त्याच्यासाठी बाग लावतो. तो एकटा पडला म्हणून प्राणी घडवतो, पण जोडीला एकही शोभत नाही. तेव्हा कुठे फासळीतून स्त्री निर्माण होते. पहिल्या कथेतला देव नुसत्या आज्ञेनं विश्व उभं करतो, दुसऱ्या कथेतला मातीत हात घालतो.

ही विसंगती आधुनिक टीकाकारांनी शोधून काढली, असं मात्र समजू नये. ज्यू धर्मगुरूंना ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच खटकली होती. 'बेरेशित राब्बा' या प्राचीन भाष्यसंग्रहात एक गुरू सांगतात, की पहिला मानव दोन तोंडांचा होता आणि देवानं त्याला मधोमध चिरून दोघं केले. मध्ययुगातल्या एका पुस्तकानं तर आदामाला लिलिथ नावाची पहिली बायकोच देऊन टाकली. तीही त्याच मातीची. बरोबरीचा मान मागितला, मिळाला नाही, तशी निघून गेली! अकराव्या शतकातले फ्रान्समधले महान भाष्यकार राशी यांनी स्पष्टच लिहिलं, की हा मजकूर निर्मितीचा क्रम शिकवण्यासाठी आलेलाच नाही.

ख्रिस्ती परंपरेतही तेच. सूर्यच नसताना पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ झाली कशी, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडितानं विचारला. पुढे उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन आयुष्यभर या अध्यायांशी झुंजत राहिले. अनेक प्रयत्नांनंतर त्यांनी बारा भागांचा ग्रंथ लिहिला. देवानं सगळं एकाच वेळी निर्माण केलं आणि ते सहा दिवस आपल्यासारखे दिवस नव्हेत, असं त्यांचं मत. आकाश आणि ताऱ्यांविषयी अडाणी विधानं करून ख्रिस्ती माणसानं बायबलाचं हसं करू नये, असंही त्यांनी बजावलं. मना केलेलं फळ खाण्याच्या आदामाच्या अवज्ञेतून याच ऑगस्टीननी मूळ पापाचा, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असतो असा, सिद्धांत विकसित केला. ज्यू धर्मानं तीच कथा वाचून असा सिद्धांत कधी मांडला नाही.

काहींनी सृष्टीच्या तारखेचाही हट्ट धरला. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये हिशेब मांडून सृष्टीचं वर्ष इसवी सनपूर्व 4004 ठरवलं. शंभर वर्षं उलटतात तोच, 1753 मध्ये, झां आस्त्रुक या फ्रेंच डॉक्टरानं निनावी पुस्तक काढलं. एका कथेत 'देव' आणि दुसऱ्या कथेत 'परमेश्वर देव' असं का, हे त्याला पडलेलं कोडं. परंपरेनं या पुस्तकाचा लेखक मानलेल्या मोशेनं निरनिराळे जुने लेख वापरले, असा त्याचा निष्कर्ष. अभ्यासकांचा हा धागा आजवर तुटलेला नाही.

1876 मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी निनवे या प्राचीन शहराच्या उत्खननातल्या मातीच्या पाट्यांवरची बॅबिलोनी सृष्टिकथा प्रसिद्ध केली आणि पहिल्या अध्यायाकडे बघण्याची नजरच बदलली. त्या कथेत मार्दुक हा देव तियामात देवीला मारून तिच्या देहाचं आकाश करतो आणि देवांचे कष्ट वाचावेत म्हणून मारलेल्या एका देवाच्या रक्तातून माणूस बनवला जातो. इसवी सनपूर्व सहाव्या शतकात यरुशलेम पडलं, ज्यू बॅबिलोनमध्ये कैदेत गेले. पहिल्या अध्यायाला आजचं रूप त्याच सुमारास आलं, असं अनेक अभ्यासक मानतात. जेत्यांचे देव असलेले सूर्य-चंद्र इथे फक्त दिवे ठरतात. गुलामी करायला जन्मलेला माणूस इथे देवाची प्रतिमा होतो, आणि त्याला आठवड्याची सुट्टीही मिळते. ही सुट्टी म्हणजे शनिवारचा शब्बाथ. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायल ज्यू ती काटेकोर पाळत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

कथेचा शब्दशः अर्थ लावण्याचा आग्रह मात्र विसाव्या शतकातही होता. 1925 मध्ये अमेरिकेतल्या डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला. तिथे बायबलाची बाजू लढवणाऱ्या ब्रायन यांनीही उलटतपासणीत कबूल केलं, की ते दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही. 1965 मध्ये रब्बी जोसेफ सोलोवाइचिक यांनी आणखी वेगळा मार्ग काढला: दोन कथांमधले दोन आदाम म्हणजे एकाच माणसाच्या दोन बाजू, एक जग जिंकणारा, दुसरा एकाकी आणि सोबत शोधणारा.

पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलाचं मराठी भाषांतर आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'ही आहे. त्यातले हे दोन अध्याय वाचायला पाव तास पुरे. वाचताना प्राणी माणसाच्या आधी येतात की नंतर, एवढं मात्र आवर्जून तपासून पाहा.