इंजिनाचे पाणी आणि डब्याचा रंग

उन्हाळा तोंडावर आला की मोटारमालकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. रेडिएटरमध्ये साधे पाणी घालावे, की बाजारात डब्यांतून मिळणारे रंगीत कूलंट घालावे? या द्रवाचे जुने नाव ‘अँटिफ्रीझ’, म्हणजे पाणी गोठू न देणारे. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो अशा बऱ्हाणपुरात हे नाव ऐकून कोणीही हसेल. तापीकाठी पाणी गोठते कोठे? मग गोठण्यावरच्या औषधाला पैसे का मोजावे? शंका रास्त आहे. परंतु तिच्या मुळाशी नावाने केलेली फसगत आहे. आपल्याकडे या द्रवाचे काम थंडीशी नसून उष्णतेशी, गंजाशी आणि क्षारांशी आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी स्थूलमानाने एक तृतीयांश शक्ती चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश धुरावाटे निघून जाते आणि उरलेली उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. इंदूर-इच्छापूर मार्गावर केळी भरलेला ट्रक बऱ्हाणपूर सोडून खंडव्याकडे निघतो, तेव्हा असीरगडाजवळ त्याला सातपुड्याचा चढ लागतो. गाडी हळू, भार पूर्ण, वारा कमी आणि बाहेरची हवाच तापलेली. अशा वेळी पाणी उकळू लागले तर इंजिनाच्या धातूला वाफेचे बुडबुडे चिकटतात, उष्णता वाहून नेणारे कोणी उरत नाही, हेड वाकते, गॅस्केट जळते. कर्जाचा हप्ता ज्या गाडीच्या फेऱ्यांवर चालतो, ती गाडी मग आठवडा आठवडा गॅरेजच्या दारात उभी राहते.

साधे पाणी 100 अंशांना उकळते. त्यात निम्मे एथिलीन ग्लायकॉल मिसळले की हा बिंदू सुमारे 107 अंशांवर जातो आणि रेडिएटरच्या दाबाच्या झाकणामुळे 130 अंशांच्या जवळ पोहोचतो. हे ग्लायकॉल फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात प्रथम तयार केले. थंड देशांत ते पाणी उणे 37 अंशांपर्यंत गोठू देत नाही, म्हणून त्याला ते नाव पडले. आपल्याला त्याचा दुसरा गुण हवा आहे. मात्र अधिक ग्लायकॉल म्हणजे अधिक थंडावा, असे समजू नये. उष्णता सामावून घेण्यात पाण्याची बरोबरी ग्लायकॉल करू शकत नाही. डब्यातला मूळ घट्ट द्रव तसाच ओतला तर इंजिन उलट अधिक तापेल. निम्मे पाणी, निम्मा द्रव हे सर्वसाधारण प्रमाण. अंतिम शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. पाणी आधीच मिसळलेले तयार कूलंटही मिळते. त्यात पुन्हा पाणी घालावयाचे नसते.

आता पाण्याविषयी. बऱ्हाणपूरच्या लोकांना पाण्याची महती सांगावयास नको. अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळी, 1615 च्या सुमारास, सातपुड्यात मुरणारे पाणी भूमिगत बोगद्याने आणि शंभरावर कुंड्यांच्या मालिकेने शहरात खेळविण्यात आले. कुंडी भंडारा या नावाने ती योजना आजही पाहावयास मिळते. त्या बोगद्याच्या भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचे थर साचलेले दिसतात. पिण्यास गोड लागणारे पाणीही आपल्याबरोबर किती चुना वाहून आणते, याचा तो चार शतकांचा पुरावा आहे. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत हेच घडते; फक्त तेथे पाणी तापलेले असल्यामुळे शतकांची गरज पडत नाही. चुन्याचा थर उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सुमारे शंभर पटींनी मंद असतो. म्हणून कूलंटमध्ये विहिरीचे, कूपनलिकेचे वा नळाचे पाणी मिसळू नये. बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. बॅटरीचे आम्ल मात्र चुकूनही नव्हे.

ग्लायकॉल आणि पाणी यांखेरीज कूलंटमध्ये तिसरा घटक असतो, तो गंजरोधक द्रव्यांचा. प्रमाणाने अल्प, पण सारा फरक याच ठिकाणी आहे. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट यांसारखी खनिज द्रव्ये असतात. ती धातूवर लवकर संरक्षक पापुद्रा धरतात, पण लवकर खर्चही होतात. म्हणून ते साधारणतः दोन वर्षांनी बदलावे लागते. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते जेथे गंज सुरू होऊ पाहतो तेथेच काम करतात आणि साधारणतः पाच वर्षे टिकतात. तिसरी जात या दोहोंच्या संकराची. तिच्यातही युरोपीय कारखानदार तेथील जड पाण्यात फॉस्फेटचा साका बसतो म्हणून फॉस्फेट टाळतात, तर जपानी कारखानदार पाण्याच्या पंपाच्या सीलची झीज टाळण्यासाठी सिलिकेट वर्ज्य करून फॉस्फेट पसंत करतात. जड पाण्याच्या आपल्या मुलखात जपानी धर्तीच्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यांच्या कूलंटला साध्या पाण्याचे वावडे का, हे यावरून ध्यानी येईल.

ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांच्या मोठ्या डिझेल इंजिनांची आणखी एक गरज असते. त्यांतील पुष्कळांच्या लायनरभोवती थेट पाणी खेळते. लायनर कंप पावतो, त्यालगत सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि धातूला खड्डे पडत जातात. शेवटी पाणी तेलात उतरते. हे टाळण्यासाठी अशा इंजिनांच्या कूलंटमध्ये नायट्राइट किंवा तशाच कामाची द्रव्ये घातलेली असतात. मोटारगाडीचे कूलंट ट्रकला चालेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

या भिन्न जाती एकमेकींत मिसळल्या तर काय होते? स्फोट होत नाही, गाडी तत्काळ बंद पडत नाही. आणि म्हणूनच ही चूक वारंवार होते. प्रत्येक जातीची द्रव्ये विशिष्ट प्रमाणात विरघळून राहतील अशी योजना असते. मिश्रणात ते प्रमाण बिघडते, एकीचे संरक्षण दुसरीमुळे क्षीण होते, पाच वर्षांचे कूलंट दोन वर्षांतच निकामी होते. काही वेळा सिलिकेट लापशीसारखे घट्ट होऊन खाली बसते आणि नळ्या बुजवते. मालकाला मात्र काही महिन्यांनी तापमानाचा काटा चढलेला दिसतो आणि तो दोष उन्हाळ्याला देतो.

येथे रंगाचा मोह आवरावयास हवा. हिरवे हिरव्यात आणि तांबडे तांबड्यात, हा हिशेब सोपा वाटतो. परंतु रंग हा केवळ मिसळलेला रंग आहे. त्याविषयी सर्व कारखान्यांना बंधनकारक असा कोणताही संकेत नाही. एकाचे हिरवे जुन्या जातीचे असेल, तर दुसऱ्याचे हिरवे सेंद्रिय जातीचे. डबा घेताना रंग पाहू नये, मजकूर वाचावा. गाडीच्या पुस्तिकेत जो मानक क्रमांक वा जी जात दिली असेल, तीच डब्यावर छापलेली आहे ना, हे पाहावे. भारतीय मानक आय. एस. 5759 हे इंजिन कूलंटसाठीच आहे. तो उल्लेख डब्यावर असणे चांगले. आणि आपल्या गाडीत कोणते कूलंट, कोणत्या तारखेला घातले, हे एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली चिकटवावे. पुढच्या मिस्त्रीला तर्क करावा लागत नाही.

वाटेत पातळी खाली गेली आणि योग्य कूलंट मिळत नसेल, तर मिळेल तो डबा ओतण्यापेक्षा थोडे डिस्टिल्ड वॉटर घालणे बरे; तेही नसेल तर स्वच्छ पिण्याचे पाणी. पाण्याने मिश्रण फक्त पातळ होते आणि ते पुढे सुधारता येते. परजातीचे कूलंट पडले तर सर्व काढून, आतील मार्ग धुऊन, नव्याने भरण्यावाचून उपाय नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालचे पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. इंजिन बंद करून ते हाताला सोसेल इतके निवू द्यावे. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते आणि ते विषारी आहे. पोटात गेल्यास ते मूत्रपिंडे निकामी करते, प्राणही घेते. काढलेले कूलंट उघड्या पाटीत ठेवल्यास कुत्रे वा गुरे ते चाटतात. सरबताच्या बाटलीत भरून ठेवल्यास मूल ते तोंडाला लावू शकते. म्हणून ते मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. गटारात वा विहिरीजवळ ओतू नये. गॅरेजमध्ये जुने तेल गोळा करतात त्याप्रमाणे ते वेगळ्या डब्यात जमा करावयास द्यावे. कुणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपचारांत वेळ न दवडता, डबा बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. आरंभी रोगी केवळ झिंगल्यासारखा दिसतो. त्यावर विसंबून वाट पाहिली तर उपचाराची मोलाची घटका निघून जाते.